विज्ञान आश्रम, पाबळ : करता करता शिकण्याची वाटचाल

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, मस्तानीच्या समाधीमुळे परिचित असलेल्या पाबळ गावाजवळच्या माळावर 1983 साली विज्ञान आश्रमाची स्थापना झाली. संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील वरिष्ठ पद सोडून ते या अवर्षणग्रस्त गावात राहायला आले. पत्नी मीराताईंनी हा संसार आणि हे कार्य दोन्ही सांभाळले. पुण्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही आश्रमाची मातृसंस्था.

शिक्षणाला उत्पादक कामाची जोड द्यावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. 1937 च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीम मांडली होती आणि कोठारी आयोगानेही (1964–66) कार्यानुभवाचा आग्रह धरला होता. तरीही बहुतेक शाळांत कार्यानुभव म्हणजे वेळापत्रकातील एक तास, एवढेच त्याचे रूप उरले. डॉ. कलबागांनी या विचाराला रोजच्या कामाचा आकार दिला. आश्रमाची पहिली प्रयोगशाळा म्हणजे शाळा सोडलेली ग्रामीण मुले. पुस्तकासमोर अडखळणारी ही मुले वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती आणि पशुपालन शिकली. माळावरचे घुमटाकार ‘पाबळ डोम’ याच शिक्षणातून उभे राहिले.

पुढचा टप्पा औपचारिक शाळेचा होता. आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम तयार झाला आणि 1987 मध्ये राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग. आठवड्यातील एक दिवस या कामासाठी राखायचा आणि शिकलेली गोष्ट गावाला सेवा म्हणून द्यायची, ही त्याची रीत. माती तपासण्यापासून रक्तातील हिमोग्लोबिन तपासण्यापर्यंतची कामे विद्यार्थी गावासाठी करू लागले.

गृह-आरोग्य विभागात या शिक्षणाचे मर्म विशेष जाणवते. चिक्कीचा पाठ घ्या. शेंगदाणे वजन करून भाजायचे, सोलल्यावर पुन्हा वजन करून घट नोंदवायची. गुळाचा पाक आचेवर असताना त्याचा थेंब गार पाण्यात टाकायचा. तो बोटाला मऊ लागला तर पाक कच्चा, कडक होऊन काटकन मोडला तर दाणे घालायची वेळ झाली. तेल लावलेल्या पाटावर मिश्रण लाटून गरम असतानाच सुरी फिरवायची, कारण निवल्यावर वड्या पडत नाहीत. वहीत शेंगदाणे, गूळ, इंधन आणि वेष्टनाच्या खर्चाखाली स्वतःची मजुरी मांडायची आणि मग विक्रीची किंमत ठरवायची. पाकात शास्त्र असते, वजनात गणित आणि ग्राहकासमोर व्यवहार. आजीच्या हातचे कसब अशा रीतीने विद्यार्थ्याच्या नोंदवहीत येते.

वाट मात्र सोपी नव्हती. पाण्याची टंचाई होती आणि निधी अपुरा पडे. हातकाम म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांची सोय, या समजुतीशी दीर्घकाळ झुंजावे लागले. शाळांना कुशल निदेशक मिळणे अवघड असे. आश्रमाने त्यावर तोड काढली, ती गावातल्याच कुशल उद्योजकाला निदेशक करण्याची. स्वतःचा व्यवसाय चालवणारा माणूस शिकवू लागला की मुलांना कामाबरोबर बाजारही कळतो, हा त्यामागचा विश्वास.

2002 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांवर वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. 2003 मध्ये डॉ. कलबागांचे निधन झाले. संस्थापकामागे संस्था थांबते, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. पाबळला तसे झाले नाही. त्यांच्या हाताखाली घडलेल्या सहकाऱ्यांनी काम विस्तारले. लेंड अ हँड इंडियासारख्या संस्थांच्या साथीने मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अनेक शाळांत गेला आणि आश्रमातील निवासी ग्रामीण तंत्रज्ञान पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता लाभली.

ही पद्धत कोणत्याही गावच्या मातीत रुजू शकते. पाबळच्या कोरडवाहू मुलखात ती बाजरी-शेंगदाण्यावर उभी राहते. भिवंडी तालुक्यातील तानसा नदीकाठच्या अकलोलीसारख्या भाताच्या गावी तोच पाठ तांदळाच्या पापडांवर किंवा नाचणीच्या पदार्थांवर घेता येतो. कच्चा माल गावचा, कसब गावचे, हिशेब मात्र चोख हवा.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवसांची शिफारस केली. देशाने धोरण म्हणून आज स्वीकारलेला हा मार्ग पाबळच्या माळावर चार दशके चालून सिद्ध झालेला आहे. त्याचे श्रेय कलबाग दांपत्याइतकेच निदेशकांचे, दारे उघडणाऱ्या मुख्याध्यापकांचे, मुलांवर भरवसा ठेवणाऱ्या पालकांचे आणि आपल्या श्रमाची किंमत स्वतः मांडायला शिकलेल्या विद्यार्थ्यांचे आहे.