पंख केवढा हवा?

गेल्या डिसेंबरात बहिणीकडे शेळगावला (ता. इंदापूर) गेलो होतो. सकाळी साडेसातच्या सुमारास फवारणीच्या पंपासारखा आवाज वरून येऊ लागला, म्हणून घरातले सगळे अंगणात आले. उसाच्या फडांवरून, फार तर शंभर मीटर उंचीवर, एक माणूस खुर्चीत बसल्यासारखा चालला होता. पाठीवर जाळीच्या पिंजऱ्यात पंखा फिरत होता आणि डोक्यावर केशरी कापडाची कमान होती. पॅरामोटर.

माझ्या भाच्याला हे नवीन नव्हते. त्याने या प्रकाराचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले होते आणि एक वापरलेला पंख विकत घेण्याच्या तो बेतात होता. पंख २८ चौरस मीटरचा. विकणाऱ्याने सांगितले होते, की मोटर लावून हा इथल्या माळावर चालेल आणि मोटर काढून कामशेतच्या टेकडीवरही चालेल. शिवाय भाच्याचे वजन अवघे ५८ किलो, तेव्हा पंख मोठाच पडेल आणि तो अलगद उतरेल.

"मामा, मोठा घेतलेला बराच की. पडलो तरी हळू पडेन," भाचा म्हणाला.

आपल्या वर्गातली बहुतेक मुले हेच उत्तर देतील. मलाही ते ऐकताक्षणी बरोबर वाटले असते, जर पंखांच्या मापांचा इतिहास मी कधीतरी वाचलेला नसता. या उत्तराचे मूळ छत्रीत आहे. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नेरँ फुग्यातून कापडी छत्री घेऊन खाली आला. छत्री फक्त हवेला अडवते. क्षेत्रफळ दुप्पट केले तर पडण्याचा वेग सुमारे १.४ पटीने कमी होतो. तेव्हा छत्रीच्या बाबतीत मोठी ती सुरक्षित, हा हिशोब अगदी बरोबर आहे. पॅराग्लायडरच्या नावात पॅराशूट आहे, दिसायलाही तो छत्रीच्याच कुळातला वाटतो, आणि इथेच घोटाळा होतो. तो हवेला अडवत खाली येत नाही. तो पुढे जातो, आणि पुढे जातो म्हणूनच वर राहतो.

पंखाचे माप वजनाशी जोडून पाहणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक म्हणजे इंग्लंडमधील जॉर्ज केली. १८०९ साली छापलेल्या लेखात त्याने आपल्या कावळ्याचा जवळचा नातेवाईक असलेला रूक हा पक्षी उदाहरणाला घेतला. वजन आणि पंखांचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर त्याला एका चौरस फुटाला एक पौंड असे मिळाले. आपल्या मापात चौरस मीटरला पाच किलोला थोडे कमी. या गुणोत्तराला आपण पंखभार म्हणू. केलीच्या हातात कोणतेही भारी उपकरण नव्हते. तराजू आणि फूटपट्टी एवढ्यावर त्याचे काम झाले.

पंखभाराला एवढे महत्त्व का, हे एका ओळीत लिहिता येते. सरळ उडताना वजन आणि उचल समान असतात:

वजन = ½ × हवेची घनता × वेग² × क्षेत्रफळ × उचल-गुणांक

दोन्ही बाजूंना क्षेत्रफळाने भागले की डावीकडे पंखभार उरतो आणि उजवीकडे वेगाचा वर्ग. म्हणजे पंखभार ठरला की वेग जवळजवळ ठरला. इंदापूर तालुक्यात याचे प्रात्यक्षिक फुकट पाहायला मिळते. कडबनवाडीच्या गवताळ माळावर हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून रेंगाळत उडतो. त्याचा पंखभार दोन-अडीच किलो. त्याच तालुक्यात भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावरची बदके गोफणीतून सुटल्यासारखी जातात. त्यांचा आठ ते बारा किलो. बदकाला सावकाश उडायला सांगितले तर ते पडेल.

माणसाच्या पंखाचे माप प्रत्यक्ष उडून ठरवले ते ओट्टो लिलिएन्थाल या जर्मन अभियंत्याने. त्याने आणि त्याच्या भावाने करकोचे पाळले, त्यांचे पंख मोजले, आणि १८८९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. १८९४ च्या त्याच्या नेहमीच्या ग्लायडरचा पंख सुमारे १३ चौरस मीटरचा आणि सांगाडा २० किलोचा होता. स्वतः तो सुमारे ८० किलोचा धरला तर पंखभार साडेसात-पावणेआठ किलो. हा पंख त्याने आणखी मोठा का केला नाही? कारण तोल सांभाळायला त्याच्याकडे स्वतःचे शरीर इकडेतिकडे झुलवण्यापलीकडे काही नव्हते, आणि फार रुंद पंख वाऱ्याच्या झोताने कलला तर शरीराच्या वजनाला आवरत नाही. क्षेत्रफळ वाढवायचे झाले तेव्हा त्याने पंख रुंद करण्याऐवजी एकावर एक असे दोन बसवले. आणि जोराच्या वाऱ्यासाठी त्याने एक वेगळा, लहान पंख केला होता. वादळी हवेसाठी लहान पंख! भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने पहिल्यांदा कान टवकारले. ९ ऑगस्ट १८९६ रोजी लिलिएन्थाल वाऱ्याच्या झोतात वेग हरवून सुमारे १५ मीटरवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला.

१८९५ च्या आसपासचा विषय निघाला की मराठी वाचकाला शिवकर बापूजी तळपदे आठवतात. मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याचे सांगतात. मी अशा वेळी दोनच प्रश्न विचारतो: पंखाचे क्षेत्रफळ किती, आणि वजन किती? हे दोन आकडे समोर आल्याशिवाय गणिताला सुरुवातच होत नाही. (तळपद्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी १९७४ मध्ये गणिताने तपासली. ती उडू शकत नाहीत, असे त्यांना आढळले.)

आकडे असूनही फसगत होते, हे राइट बंधूंकडे पाहून कळते. १९०० साली त्यांनी सुमारे १५ चौरस मीटरचा ग्लायडर केला. तो माणसाला नीट पेलेना, म्हणून १९०१ मध्ये त्यांनी क्षेत्रफळ जवळजवळ २७ चौरस मीटर केले. तरीही उचल त्यांच्या हिशोबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच मिळाली. दोष काही अंशी एका जुन्या आकड्यात होता. हवेच्या दाबाचा ०.००५ हा गुणांक स्मीटन याच्या १७५९ च्या लेखापासून चालत आला होता आणि कोणीही तो परत तपासत नव्हते. खरा आकडा ०.००३३ च्या जवळ निघाला. भावांनी आपल्या सायकलच्या दुकानात लाकडी खोक्याचा वातबोगदा करून पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले. १९०२ चा ग्लायडर क्षेत्रफळाने आधीच्यापेक्षा फारसा मोठा नव्हता. तो अधिक लांब आणि अरुंद होता, आणि तो उडाला. मला हा प्रसंग शाळेत शिकवण्याजोगा वाटतो. पहिल्या विमानाची तारीख मात्र आपण न चुकता शिकवतो.

छत्री आणि पंख ही दोन कुळे एकत्र आली ती बऱ्याच उशिरा. १९६४ मध्ये डॉमिना जाल्बर्ट या पतंग आणि फुगे बनवणाऱ्या अमेरिकन माणसाने कापडाच्या दोन थरांमध्ये उभे पडदे शिवून समोरून उघडे कप्पे केले. वारा आत शिरला की कापड फुगून विमानाच्या पंखाचा आकार घेते. पुढच्याच वर्षी डेव्हिड बॅरिश एक कापडी पंख घेऊन डोंगरउतारावरून उडाला. जून १९७८ मध्ये फ्रान्समधील म्युसी गावाजवळ तीन पॅराशूटवीरांनी विमानाचा खर्च वाचावा म्हणून उतारावरून धावत चौकोनी पॅराशूट उडवली, आणि तिथून या खेळाचा प्रसार झाला. पाठीवर मोटर घ्यायची कल्पना इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास आली.

कापडी पंखाला लाकडी पंखाला नसलेली एक अडचण आहे. त्यात हाडच नाही. आतल्या हवेच्या दाबावर त्याचा आकार टिकतो, आणि हा दाब वेगाच्या वर्गावर, म्हणजे शेवटी पंखभारावर अवलंबून असतो. हा दाब किती असेल? शंभर किलो वजन २८ चौरस मीटरवर टांगले आणि उचल-गुणांक ०.६ धरला, तर तो सुमारे ५८ पास्कल येतो. पाण्याच्या स्तंभात सांगायचे तर जेमतेम ६ मिलिमीटर. माणूस आकाशात ज्याच्या भरवशावर असतो तो दाब एवढाच.

आता भाच्याचा हिशोब. बहिणीच्या घरी डाळिंबे मोजण्याचा काटा आहे. एका स्नेह्याची मोटर तासाभरासाठी मागून आणली आणि सगळे सामान एकेक करून काट्यावर ठेवले. मोटर, पिंजरा आणि बैठक २७ किलो, इंधन ५, पंख ६, हेल्मेट, बूट, राखीव छत्री मिळून ४. भाचा ५८. एकूण १००. पंखाच्या शिवणीतल्या चिठ्ठीवर वजनमर्यादा ९५ ते ११५ किलो असल्याचे विकणाऱ्याने कळवले होते. ही मर्यादा पंखाच्या स्वतःच्या वजनासकट असते आणि पंखाची चाचणी तिच्या खालच्या व वरच्या अशा दोन्ही टोकांना घेतात. तेव्हा मोटरसह पंख ठीक होता. पण कामशेतला मोटर आणि इंधन घरी राहणार. तिथली हलकी बैठक ८ किलो धरली तर एकूण ७६. पंखभार ३.६ वरून २.७ वर येतो, आतला दाब ६ वरून साडेचार मिलिमीटरवर, आणि वेग ताशी ३७ वरून ३२ किलोमीटरवर.

भाच्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. खाली येण्याचा वेगही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी कमी होतो. पण टेकडीवर वारा ताशी ३० किलोमीटर झाला तर समोर सरकायला त्याच्याकडे २ किलोमीटरच उरतात. आणखी एक झोत आला की तो मागे, डोंगराच्या पाठीमागच्या भोवऱ्यात. आणि उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उसळत्या हवेत ढिल्या पंखाची कड आधी दुमडते. सरकण्याचे प्रमाण मात्र वजनाने बदलत नाही. तीनशे मीटर उंचीवरून, एकास आठ या प्रमाणात, शांत हवेत जड आणि हलका दोघेही २.४ किलोमीटरवरच पोचतात. जड माणूस आधी पोचतो.

लहान पंखाची दुखणी वेगळी. पळताना आणि उतरताना वेग जास्त लागतो, आणि पंख दुमडला तर हिसका मोठा बसतो. एप्रिलच्या दुपारी ४० अंशांची विरळ हवा असेल तर जानेवारीच्या पहाटेपेक्षा सुमारे पाच टक्के अधिक वेगाने पळावे लागते. नवशिक्याने मर्यादेच्या मधोमध राहावे, हा सल्ला यातूनच आला आहे.

भाच्याला सहा मिलिमीटर पटेनात. "एवढ्याशा पाण्यानं माणूस कसा पेलतो?" मग आम्ही पारदर्शक नळीत शाईचे पाणी भरून ती फळीवर दहास एक उताराने बसवली, म्हणजे एक मिलिमीटर वाचनात सेंटिमीटर होतो. नळीचे एक टोक पुढे वाऱ्याला तोंड करून, दुसरे बाटलीत आडोशाला. पिकअपच्या हौद्यात फळी धरून गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर निघालो. खड्डा आला की पाणी नाचे. तरी ताशी ३२ ला साडेचार सेंटिमीटरच्या जवळपास, आणि ३७ ला सहाच्या आसपास वाचन मिळाले. भाच्याने दोन्ही खुणा पेनने फळीवर केल्या आणि त्यांच्यातल्या दीड सेंटिमीटरवर अंगठा ठेवून तो बराच वेळ बसला.

संध्याकाळी त्याने विकणाऱ्याला फोन केला. टेकडीसाठी बावीस-तेवीस चौरस मीटरचा आहे का, एवढेच विचारले. नव्हता.