पाच मूनमॅन आणि एक फुटलेला टीव्ही

एमटीव्हीच्या व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्सची, म्हणजे व्हीएमएची, गोष्ट बहुतेक जण मडोनापासून सुरू करतात. १४ सप्टेंबर १९८४, न्यूयॉर्कचा रेडिओ सिटी म्युझिक हॉल, पहिलाच सोहळा. लग्नाच्या उंचच्या उंच केकवरून पांढऱ्या गाउनमधली मडोना खाली उतरली आणि तोवर बाजारातही न आलेलं ‘लाइक अ व्हर्जिन’ गात स्टेजवर चक्क लोळली. ती क्लिप तुम्ही पाहिली असेल. मला मात्र त्या रात्रीचा दुसराच माणूस महत्त्वाचा वाटतो : शिकागोचा कृष्णवर्णीय जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक. त्या रात्री सगळ्यात जास्त, म्हणजे पाच बक्षिसं त्याच्या ‘रॉकिट’ला मिळाली. आणि त्या व्हिडिओत तो धड दिसतच नाही.

‘रॉकिट’ यूट्यूबवर आहे. वाचणं थांबवून बघून आलात तरी चालेल. एक घर, आणि त्यात जिम व्हायटिंगने बनवलेले यंत्रमानव. कोणाला धड नाही, कोणाला डोकं नाही; नुसते पाय झाडताहेत. या सगळ्या पसाऱ्यात एक छोटा टीव्ही आहे, आणि हॅनकॉक दिसतो तो फक्त त्या टीव्हीच्या पडद्यावर. शेवटी तो टीव्हीही दाराबाहेर फुटलेला दिसतो.

गॉडली आणि क्रीम या दिग्दर्शकांची ही निव्वळ कल्पकता म्हणून सोडून देता आलं असतं. पण तेव्हाचं एमटीव्ही काय होतं ते बघा. १ ऑगस्ट १९८१ला सुरू झालेलं हे चॅनेल स्वतःला ‘रॉक’ चॅनेल म्हणवायचं, आणि रॉक म्हणजे त्यांच्या लेखी जवळजवळ गोऱ्यांचंच संगीत. रिक जेम्सचा ‘सुपर फ्रीक’ त्यांनी नाकारला, तेव्हा त्याने जाहीरपणे चॅनेलवर वर्णभेदाचा आरोप केला. १९८३मध्ये डेव्हिड बोवीने मुलाखत घ्यायला आलेल्या एमटीव्हीच्या निवेदकालाच उलट विचारलं, तुमच्याकडे काळे कलाकार इतके कमी का? निवेदकाच्या उत्तराचा सूर असा, की लहान गावांतले प्रेक्षक प्रिन्ससारख्यांना बघून घाबरतील. (ही मुलाखतही जरूर बघा. बोवी आवाज जराही न चढवता माणसाला कोंडीत पकडतो.) त्याच वर्षी मार्चमध्ये मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ एमटीव्हीवर लागलं आणि दार किलकिलं झालं. पण प्रत्येक जण मायकल जॅक्सन नसतो. अशा चॅनेलवर लागायचं तर चेहरा मागे ठेवलेला बरा, हा हिशेब ‘रॉकिट’मागे होता. ग्रँडमिक्सर डीएसटीचं स्क्रॅचिंग, न्यूयॉर्कच्या काळ्या वस्त्यांतल्या पार्ट्यांमधला तो आवाज, अमेरिकेच्या दिवाणखान्यांत पोचला. तो वाजवणारे हात यंत्रमानवांच्या आड राहिले.

आता बक्षिसांकडे या. स्पर्धेत होते ते एमटीव्हीवर लागलेले व्हिडिओ. म्हणजे दुकानदारानेच आपल्या शेल्फवरच्या मालातून उत्तम माल निवडायचा. जो शेल्फवर आलाच नाही, तो हरलाही नाही. तो त्या खेळातच नव्हता. म्हणून व्हीएमएचा इतिहास विजेत्यांच्या यादीवरून वाचणं मला अपुरं वाटतं. पहिल्या वर्षी सर्वोत्तम व्हिडिओचा मान ‘द कार्स’च्या ‘यू माइट थिंक’ला गेला, ज्यात रिक ओकासेक कॉम्प्युटर ग्राफिक्सने माशी होऊन भिरभिरतो. ‘थ्रिलर’ला तीन बक्षिसं मिळाली, पण ते नाही. आज ती निवड हास्यास्पद वाटते खरी, पण मोठा अन्याय तो नव्हेच.

रॅपच्या बाबतीत मात्र एमटीव्ही इतरांच्या पुढे गेलं, हेही सांगायला हवं. ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ १९८८मध्ये सुरू झाला आणि तुफान चालला. १९८९च्या फेब्रुवारीत ग्रॅमीने पहिल्यांदा रॅपचं बक्षीस ठेवलं, पण ते टीव्हीवर दाखवायला नकार दिला. विजेते डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स (होय, आपला विल स्मिथ) यांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी व्हीएमएनेही रॅपचा विभाग उघडला आणि त्याच गाण्याला मूनमॅनची बाहुली दिली.

पण वेगळा विभाग म्हणजे वेगळी पंगत. मुख्य पंगतीत, सर्वोत्तम व्हिडिओच्या मानापर्यंत हिप-हॉप पोचायला १९९९ उजाडलं. तो मान लॉरिन हिलच्या ‘डू वॉप’ला मिळाला. त्या व्हिडिओत पडदा दोन भागांत विभागलाय, डावीकडे १९६७ आणि उजवीकडे १९९८, आणि दोन्हीकडे रस्त्यावर, गर्दीच्या मधोमध, तीच गाताना दिसते.