मास्टर सिलिंडर ते चाक : ब्रेक-नळ्यांच्या विभाजनाचा इतिहास
ड्यूसेनबर्गच्या १९२१ मधील मोटारीत चारही चाकांना द्रवचालित ब्रेक होते. फोर्डने ते १९३९ च्या मॉडेलपासून स्वीकारले. हा विलंब निव्वळ हटवाद म्हणता येत नाही. एकाच मास्टर सिलिंडरमधून निघालेली नळी चारही चाकांकडे फुटत असे. त्यामुळे एका सांध्यातून तेल गळाले तरी सारेच ब्रेक निकामी होत. कॅडिलॅकने १९६२ मध्ये दुहेरी सिलिंडर बसवून पुढील व मागील नळ्या अलग केल्या. मात्र ब्रेक लावताना भार पुढे सरकतो, तेव्हा केवळ मागील चाकांचा आधार तोकडाच. म्हणून १९६६ च्या व्होल्वो १४४ मध्ये प्रत्येक परिपथाला पुढची दोन्ही व मागचे एक चाक जोडण्यात आले. अमेरिकेत नव्या प्रवासी मोटारींना विभाजित परिपथ १९६८ पासून बंधनकारक झाला; रस्त्यावरील जुन्या मोटारींची भिस्त मात्र त्या एकाच नळीवर राहिली.