सॉफ्टवुडची आयात: ब्रिटन आणि जपान

आज आपण लाकडाबद्दल बोलणार आहोत, तेही पाइन, स्प्रूस, फर अशा सूचिपर्णी झाडांच्या लाकडाबद्दल. व्यापारात त्याला सॉफ्टवुड म्हणतात. हलकं, सरळ, कापायला सोपं. आपल्याकडची देवदारी खोकी याच गोतावळ्यातली.

हे लाकूड बाहेरून आणणारे दोन बेटांवरचे देश आपण शेजारी ठेवून पाहू: ब्रिटन आणि जपान. आपला साधा समज असा, की ज्याच्याकडे जंगल नाही तो लाकूड विकत घेतो. ब्रिटनला तो लागू पडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जेमतेम 5 टक्के जमिनीवर झाडी उरली होती. जपानचा मात्र दोन तृतीयांश भाग जंगलाखाली आहे. तरी त्याने जहाजं भरभरून लाकूड आणलं.

आधी ब्रिटन. त्याचं लाकूड यायचं बाल्टिक समुद्रातल्या रीगा, मेमेल अशा बंदरांतून. नेपोलियनने ती वाट रोखली, तेव्हा सरकारने परदेशी लाकडावर जकात चढवली आणि व्यापार कॅनडातल्या वसाहतींकडे वळवला. 1821 नंतर बाल्टिकच्या लाकडावर एका लोडमागे 55 शिलिंग, वसाहतीच्या लाकडावर फक्त 10. म्हणजे जवळचं महाग, अटलांटिकपलीकडचं स्वस्त! परतीच्या वाटेवर रिकाम्या जहाजांत आयर्लंडची गरीब माणसं भरली जात. दुष्काळाच्या 1847 साली त्यातली हजारो वाटेत आणि क्वेबेकच्या किनाऱ्याशी मेली. जकातीतला हा फरक 1860 मध्ये गेला आणि व्यापार पुन्हा बाल्टिककडे आला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी आयात अडवली, म्हणून 1919 मध्ये वन आयोग नेमून लागवड सुरू झाली. आज झाडी 13 टक्क्यांच्या आसपास आहे, पण सुमारे 80 टक्के लाकूड अजून बाहेरूनच येतं.

आता जपान. इथे गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. युद्धात डोंगर बोडके झाले होते. 1950च्या दशकात सरकारने सुगी आणि हिनोकीची प्रचंड लागवड केली. पण झाड वाढायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात, आणि घरं तर तेव्हाच हवी होती. 1964 पर्यंत आयात खुली झाली. वॉशिंग्टन, ओरेगनमधले ओंडके येऊ लागले; डग्लस फरचं जपानी नावच ‘बेइमात्सु’, अमेरिकी पाइन. पुढे येन महाग झाला, आयात आणखी स्वस्त पडली. सर्व प्रकारचं लाकूड धरलं तर 1960 साली जपान आपली सुमारे 87 टक्के गरज स्वतः भागवत होता. 2002 साली तो आकडा 19च्या खाली आला.

तोवर सुगीची झाडं वयात आली होती. विरळणी करायला गावात तरुण नव्हते, तोडणीचा खर्चही निघेना. जंगल तसंच दाटत गेलं आणि दर वसंतात त्याच्या परागकणांनी शहरंच्या शहरं शिंकू लागली. (सरकारी योजनेचं फळ इतकं नाकाशी आलेलं आम्हाला तरी दुसरीकडे सापडलं नाही.)

पुढे देशी लाकडाचा वाटा हळूहळू वाढून 2020 मध्ये 40 टक्क्यांच्या वर गेला. लगेच 2021 मध्ये अमेरिकेत घरबांधणी उसळली, तिथलं लाकूड तिथेच खपलं आणि जपानी बांधकामं अडली. सगळ्यांना सुगी हवी झाली. झाडं समोर उभी होती. तोडायला हात नव्हते आणि लाकूड वाळवायच्या भट्ट्या अपुऱ्या पडल्या.