पुस्तक छापायचं की नाही, हे ठरवतं कोण?

(पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात कुणी वहीत काही लिहून ठेवलंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.)

दोन-तीन महिन्यांपूर्वी आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी घरी आले. पिशवीतून स्वतःची कादंबरी काढली, आत सही केली आणि म्हणाले, "भाऊ, पेपरात चार ओळी टाकशील ना?"

टाकल्या. चहा होईपर्यंत मलपृष्ठ वाचलं, प्रस्तावना चाळली आणि त्याच आठवड्यात दीडशे शब्दांचा पुस्तक परिचय छापून मोकळा झालो. "ग्रामीण जीवनाचं प्रत्ययकारी चित्रण" वगैरे. अशी वाक्यं आम्हा पत्रकारांच्या खिशात कायम असतात.

पंधरा दिवसांनी लाईट गेली होती, हाताशी तेच पुस्तक होतं, म्हणून वाचायला घेतलं. नायकाच्या बहिणीचं नाव पाचव्या प्रकरणापर्यंत सुमन. सहाव्यापासून कुसुम. एक अख्खं पान दोनदा छापलेलं. मधली तीस पानं सरळ काढून टाकली तरी चालली असती. पण त्याच पुस्तकात बहात्तरच्या दुष्काळाचं एक प्रकरण आहे. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडीसाठी लागलेली रांग, दावणीवरचा बैल विकून आलेला बाप. खोटं नाही सांगत, ते वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो.

गुरुजींनी या पुस्तकासाठी 'प्रकाशका'ला पंचेचाळीस हजार रुपये दिलेत. रिटायरमेंटच्या पैशातून. ३०० प्रती मिळाल्या, त्यातल्या दोनशेच्या वर अजून पलंगाखाली आहेत. आणि इतकं सगळं होऊनही ते पुस्तक एका माणसानेही नीट वाचलेलं नव्हतं. छापणाऱ्याने नाही, प्रस्तावना लिहिणाऱ्याने नाही. आणि मीही नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. पुस्तक छापायचं की नाही, हे आपल्याकडे आजवर कोण ठरवत आलं? थोडं मागे जाऊन बघू.

१८५५ : समितीने परत पाठवलेलं नाटक

पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. राज्य गेल्यावर इंग्रजांनी ती हळूहळू आटवत आणली आणि त्यातला काही पैसा चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षीस देण्याकडे वळवला. त्यासाठी दक्षिणा प्राइज कमिटी होती. मराठीत पुस्तक विकत घेणारा वाचक तेव्हा मूठभर. त्यामुळे कमिटीचा होकार म्हणजे पुस्तकाला पैसा आणि मान, दोन्ही.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक या कमिटीकडे दिलं. एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला जोशी ग्रहांची भीती घालून कसा लुबाडतो, याची ती गोष्ट. कमिटीने ते नाकारलं. पुढे 'गुलामगिरी'त जोतीरावांनी लिहून ठेवलंय की कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचंही काही चाललं नाही.

म्हणजे ज्यांच्यावर नाटक होतं, त्यांच्याच हातात नाटकाचा निकाल होता.

हे नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं. 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात ते आलं. १२४ वर्षं! विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' झालं १८४३ ला. त्यानंतर जेमतेम बारा वर्षांत एक संपूर्ण सामाजिक नाटक लिहून तयार होतं आणि मराठी रंगभूमीला त्याचा पत्ता नव्हता. एका नकाराची किंमत किती असू शकते, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

जोतीरावांनी मग काय केलं? नाटक बाजूला ठेवलं आणि काही वर्षांनी 'ब्राह्मणांचे कसब' हे पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलं. तेव्हा पदरचे पैसे घालून पुस्तक काढणं यात कमीपणा काहीच नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो. मुद्दा पुढे येणार आहे.

गिरगावातून येणारी पाकिटं

आता एकदम शंभर वर्षं पुढे येऊ. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मराठी साहित्याचा एक मोठा दरवाजा गिरगावात खटाववाडीत होता. मौज प्रकाशन गृह आणि त्यांचं 'सत्यकथा' मासिक. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ही संपादक मंडळी. तिथली पद्धत साहित्याच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. कथा आली की ती बारकाईने वाचली जायची. मग लेखकाला पत्र जायचं. शेवट घाईत झालाय, अमुक पात्र उभं राहत नाही, पुन्हा लिहून बघा. लेखक पुन्हा लिहायचा. तरी नाही जमलं तर पाकीट 'साभार परत'.

नव्या लेखकाला ते पाकीट बघून काय वाटत असेल, ते सांगायला नको. पण दुसरी बाजू बघा. जी. ए. कुलकर्णी धारवाडला, इंदिरा संत बेळगावला. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातून आलेले. मुंबईच्या साहित्यिक बैठकीत बसल्याशिवाय टपालाने लिखाण पाठवावं आणि कुणीतरी ते शब्दन् शब्द वाचून उत्तर द्यावं, ही सोय तेव्हा होती. पदरचे पैसे आणि वेळ खर्च करून वाचणारी माणसं होती ती.

मग तक्रार कुणाची नव्हती का? होती, आणि जोरात होती. एका वर्तुळाला जे रुचतं तेच साहित्य, बाकीचं कच्चं, असं चाललंय हा राग होता. कामाठीपुऱ्याची, महारवाड्याची, गिरणीतली भाषा त्या चाळणीतून खाली कशी यायची? दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी १९५० च्या दशकातच 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं होतं. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'च्या अंकाची चक्क होळी केली. १९८२ ला 'सत्यकथा' बंद पडलं.

मला विचाराल तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ती माणसं मनापासून वाचत होती. आणि त्यांच्या चाळणीची भोकं सगळ्यांसाठी सारखी नव्हती.

पैसे लावणारे वेडे

आता आपल्या खान्देशाकडे येऊ.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात काम करताना ओव्या रचायच्या आणि घरातली शिकलेली मुलं त्यातल्या जमतील तेवढ्या उतरवून घ्यायची. १९५१ ला त्या गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी, पण आईच्या ओव्या लोकांपुढे न्यायला संकोचत होता. ती वही शेवटी आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि हे सोनं लपवून ठेवणं गुन्हा आहे, असं बजावलं. १९५२ ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' आली. इथे ना समिती, ना बैठक. फक्त एका माणसाने वही उघडून *वाचली*.

यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे. १९६३ साली वय पंचवीस, नावावर एकही कादंबरी नाही. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीच्या रा. ज. देशमुखांनी त्यांची 'कोसला' छापली. हे तेच देशमुख, जे वि. स. खांडेकरांची पुस्तकं काढत होते. म्हणजे भाषा अलंकारिक, वाचक ठरलेला, खप हमखास. आणि याच माणसाने पांडुरंग सांगवीकर नावाच्या, घरच्या पैशावर पुण्यात शिकायला जाऊन काहीच न बनता परत आलेल्या पोराची गोष्ट छापायला घेतली. तोटा झाला असता तर तो नेमाड्यांचा नव्हे, देशमुखांचा झाला असता.

१९७४ ला दिनकर गांगल आणि त्यांच्या पत्रकार-लेखक मित्रांनी 'ग्रंथाली' सुरू केली. त्यांनी डोकं लढवलं ते वेगळंच. वाचकांनाच सभासद करायचं, पैसे आधी जमवायचे आणि सवलतीत पुस्तकं द्यायची. एकट्या प्रकाशकाच्या डोक्यावरची जोखीम हजारो वाचकांत वाटली गेली. त्यातूनच १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आणि १९८० ला लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं. 'उपरा'ला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालं. जो मजकूर जुन्या चाळणीत अडकला असता, तो वाचकांच्या वर्गणीवर घरोघरी पोचला.

या तिन्ही गोष्टींत समान काय आहे? कुणीतरी आधी वाचलं. मग स्वतःची पत किंवा पैसा पणाला लावला.

प्रकाशक नेमकं करतो काय?

चांगल्या प्रकाशनाकडे हस्तलिखित गेलं की ते आधी संपादक किंवा बाहेरचा जाणकार वाचतो. तो दोन पानी अभिप्राय देतो. मग हिशेब मांडला जातो. कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, विक्रेत्याचं कमिशन, लेखकाचं मानधन. मराठीत वर्षानुवर्षं पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची धरली जायची आणि ती संपायला कधी कधी पाच-सात वर्षं लागायची. तेवढा काळ प्रकाशकाचा पैसा गोदामात अडकून. राज्यातल्या अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी हा त्यातला मोठा आधार. त्यामुळे 'लायब्रऱ्या घेतील का?' हा प्रश्न 'पुस्तक चांगलं आहे का?' याच्या बरोबरीने विचारला जायचा. कवितासंग्रहाला नकार का येतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

म्हणजे प्रकाशकाचा नकार नेहमी साहित्यिक नसतो, बऱ्याचदा तो कागदाच्या भावाचा असतो. पण त्याचा होकार खरा असतो, कारण तो चुकला तर पैसे त्याचे जातात.

आता उलटं झालंय

डिजिटल छपाई आली आणि पन्नास-शंभर प्रती काढणंही परवडायला लागलं. ही चांगलीच गोष्ट. फुल्यांना ही सोय असती तर 'तृतीय रत्न' १२४ वर्षं पडून राहिलं नसतं.

पण त्यासोबत दुसरंही झालं. २०१० च्या यूजीसी नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. त्यात आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला गुण. पुस्तकांचा पूर आला. आणि लेखकाकडूनच सगळा खर्च, वर नफा घेऊन 'प्रकाशन' करणारी दुकानं तालुक्यापर्यंत पोचली. हे लोक कुणालाच नकार देत नाहीत. कशाला देतील? पुस्तक छापायच्या आधीच त्यांची कमाई झालेली असते. एक प्रत खपली काय, नाही खपली काय.

जुन्या व्यवस्थेत अन्याय होता. तिथे वाचून नाकारायचे, आणि कधी कधी जात बघून नाकारायचे. आता न वाचताच होकार देतात. पहिल्या प्रकारात पुस्तक दाबलं जातं, दुसऱ्यात ते पलंगाखाली पडून राहतं. वाचकापर्यंत दोन्ही पोचत नाहीत.

म्हणून, पैसे देण्याआधी

* आयएसबीएन भारतात मोफत मिळतो. केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था तो देते, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्यापासून सावध. आणि तो नुसता नंबर आहे, दर्जाचा शिक्का नाही.
* करार लेखी हवा. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलं नसेल, तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते पाच वर्षांपुरतेच धरले जातात. 'सर्व हक्क कायमचे' अशा ओळीवर सही करू नका.
* पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. तिथे हस्तलिखित तपासलं जातं. नकार आला तरी कुणीतरी वाचून दिलेला असेल.
* प्रकाशकाला एकच प्रश्न विचारा : "माझ्या पुस्तकातलं कुठलं प्रकरण कमी करावं असं तुम्हाला वाटतं?" उत्तर आलं नाही, तर त्याने वाचलेलं नाही.
* स्वतः छापणार असाल तर खुशाल छापा, जोतीरावांनीही छापलं. पण निदान दोन परखड माणसांना आधी वाचायला द्या. नातेवाईक नकोत.

मागच्या रविवारी मी गुरुजींकडे गेलो. त्यांच्या पुस्तकाची माझी प्रत सोबत नेली होती, पेन्सिलच्या खुणांसकट. आधी परिचय न वाचताच लिहिला होता, हे कबूल केलं. मग सुमन-कुसुम सांगितलं, दोनदा आलेलं पान दाखवलं, काढायची तीस पानं दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता उठायला सांगतील. चष्मा पुसत म्हणाले, "हे सहा महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला पंचेचाळीस हजार आनंदाने दिले असते."

मग मी दुष्काळाचं प्रकरण उघडलं आणि त्यातली दोन पानं त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "तो बैल आमचाच होता."

तेवढं एक प्रकरण नीट करून एखाद्या दिवाळी अंकाकडे पाठवायचं ठरलंय. छापतील की नाही, माहीत नाही. कदाचित परतही येईल. पण या वेळी वाचून परत येऊ दे.

तुमच्याकडे असं पलंगाखाली पडलेलं पुस्तक किंवा वही असेल, तर कमेंटमध्ये लिहा. सगळी वाचणं मला जमणार नाही. पण एकमेकांची वाचायला काय हरकत आहे?