आधी नोंदणी, मग किल्ली

आखातात राबणारा मुलगा म्हातारपणासाठी मुंबईत घर घ्यायचा, पण ते भाड्याने द्यायला कचरायचा. का? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला मोठं संरक्षण दिलं. घरटंचाईत ते गरजेचंही होतं. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे हक्क मिळाले. घर परत मिळणार नाही, या धास्तीने मालक घराला कुलूपच घालू लागले.

३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की घर सोडावंच लागतं. मात्र करार लेखी हवा, नोंदवलेला हवा. ती जबाबदारी घरमालकाची. नोंद नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. लेकाच्या घराची किल्ली तुमच्याकडे असेल, तर एवढं विसरू नका.