जुनं यंत्र वाढवावं की नवं घ्यावं? तानसा धरणापासून गेमिंगच्या संगणकापर्यंत



मागच्या व्याख्यानाचा विषय भारदस्त होता, 'काल आणि परिवर्तन'. प्रश्नोत्तरं संपत आली तेव्हा मागच्या रांगेतून मुरबाडकडचा एक तरुण उठला आणि म्हणाला, "सर, माझा गेमिंगचा पीसी २०१७ चा आहे. त्यात नवं ग्राफिक्स कार्ड टाकू का नवाच घेऊ?" सभागृह हसलं. आम्हांला हसू आलं नाही. नंतर त्याच्याशी बोललो. तो एका कारखान्यात कंत्राटावर पाळ्या करतो. दोन वर्षांत त्याने चाळीस हजार रुपये बाजूला ठेवलेत. त्याची धाकटी बहीण त्याच संगणकावर नर्सिंगचा अभ्यास करते. म्हणजे प्रश्न निव्वळ खेळाचा नाही. घरात यंत्र एकच आहे आणि पैसेही एकदाच खर्च करता येणार आहेत. आम्ही त्याच्याकडून महिन्याची मुदत मागून घेतली. आजचं व्याख्यान हे त्याचं उत्तर समजा.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडे तो कोयत्यावर विचारता येईल. दांडा तीनदा बदलला, पातं दोनदा बदललं, तरी आजोबा म्हणतात, "हा माझ्या बापाचा कोयता." वर्गात आम्ही यावर चाळीस मिनिटं सहज बोलत असू. पण त्या तरुणाला यंत्राची ओळख टिकते की नाही याची चिंता नाही. पैसे कुठे घातले तर वाया जाणार नाहीत, एवढंच त्याला विचारायचंय. याला तर्कापेक्षा इतिहास जास्त उपयोगी पडतो. आणि तो इतिहास आपल्या शहापूर तालुक्यातच उभा आहे, दगडाचा.

मुंबईची पाण्याची गोष्ट बघा. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. शहर वाढत गेलं आणि पाणी अपुरं पडू लागलं. मग मुंबईची नजर आपल्याकडे वळली आणि १८९२ मध्ये तानसाचं पाणी मुंबईला पोचलं. आता यातली महत्त्वाची गोष्ट ऐका. तानसाची भिंत बांधतानाच पुढे कधी उंची वाढवावी लागेल, हे धरून तिची बैठक गरजेपेक्षा रुंद ठेवली होती. म्हणून पुढे १९१५, १९२५ आणि १९४८ अशा टप्प्यांनी तानसाची योजना वाढवत नेता आली. बांधणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी थोडा जास्त खर्च केला, त्यावर पुढच्या दोन पिढ्यांचं भागलं.

पण वाढवण्यालाही मर्यादा असते. एका खोऱ्यात पडतो तेवढाच पाऊस अडवता येतो, भिंत कितीही उंच करा. मग वैतरणेवर मोडकसागर आलं, १९५७ मध्ये. पुढे भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. नवं धरण आल्यावर तानसा मोडीत काढलं का? नाही. ते आजही पाणी देतंय, विहार आणि तुळशीही देतात. म्हणजे इतिहासात 'जुनं की नवं' असा सरळ व्यवहार क्वचितच होतो. जुन्याला दुसरं काम मिळतं.

आता संगणकाकडे येऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी एक संगणक बांधला. त्याचं पथदर्शी यंत्र १९५६ मध्ये चाललं आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये कामाला लागलं. पुढे त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळालं. ते निर्वात नळ्यांवर चालायचं. आलेख दाखवणारा एक पडदाही त्याला जोडलेला होता. आजच्या ग्राफिक्सवाल्यांनी त्याला दुरून नमस्कार करायला हरकत नाही. पण यंत्र तयार होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरवर गेलं होतं. संस्थेपुढे तोच प्रश्न आला, वाढवायचं की बदलायचं? नळ्यांच्या यंत्रात ट्रान्झिस्टर टोचता येत नाहीत, पायाच वेगळा. म्हणून १९६४ मध्ये अमेरिकेहून सीडीसी ३६०० आणला. मग टिफ्रॅकवरचे कष्ट फुकट गेले का? आम्हांला तसं वाटत नाही. ते बांधताना आणि चालवताना जी माणसं तयार झाली, त्यांचं ज्ञान नव्या यंत्रालाही कामी आलं.

दुसरा धडा आयबीएमचा. १४०१ हे तिचं यंत्र १९५९ मध्ये जाहीर झालं. परदेशात वापरून झालेली यंत्रं दुरुस्त करून कंपनी भारतात भाड्याने देत असे. भाडं नियमित जायचं, पण यंत्र आपलं नाही आणि त्यात काय बदलायचं हेही आपल्या हातात नाही. १९७३ च्या परकीय चलन कायद्यावरून सरकारशी मतभेद झाले आणि १९७८ मध्ये कंपनी देश सोडून गेली. तेव्हा कार्यालयांत मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली. आपल्याला काय शिकायचं? जे यंत्र जवळपास कुणाला दुरुस्त करता येतं, त्याचं आयुष्य कागदावरच्या आयुष्यापेक्षा लांबतं.

आता त्या तरुणाचं यंत्र उघडून बघू. आत इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी मेमरी, १०५० टीआय कार्ड आणि साधी फिरती हार्ड डिस्क. २०१७ सालाची गंमत सांगतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलची आठवी पिढी आली. तिच्या पिनांची संख्या तीच, ११५१, पण सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर ती चालत नाही. उलट त्याच वर्षी ज्याने एएमडीचा एएम४ बोर्ड घेतला, त्यातल्या पुष्कळांना बायोस अद्ययावत करून २०२२ मधला प्रोसेसरही बसवता आला. दोघांनी दुकानात विचारलं असेल, "कोणता फास्ट?" भिंत पुढे वाढवता येईल का, हे विचारायचं राहून गेलं. आमच्या तरुणाची भिंत वाढत नाही. फार तर त्याच पिढीतला मोठा प्रोसेसर जुन्या बाजारात मिळेल. त्यातून विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत त्याचा प्रोसेसर नाही.

म्हणून आम्ही त्याला सांगितलं, आधी मोज, मग ठरव. टास्क मॅनेजर उघडून खेळताना बघ, आणि बहीण अभ्यास करते तेव्हाही बघ. त्याने आठ दिवस पाहिलं. खेळताना कार्ड पूर्ण ताणलेलं असतं, हे खरं. पण बहिणीचं पान उघडायला जे दोन मिनिटं लागतात, त्यात कार्डाचा काही दोष नाही. तिथे हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर आणि मेमरी भरलेली. एकाच घरातल्या दोघांची अडचण वेगळी, आणि महागडं कार्ड त्यातली एकच सोडवणार होतं. शिवाय त्याचं जुनं कार्ड बोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतं. नव्या कार्डाला वेगळी तार आणि दमदार पॉवर सप्लाय लागणार. आणि पावसाळ्यात आपल्याकडे विजेचं काय होतं, ते तुम्हांला माहीत आहेच.

आता आमचं मत. पहिल्यांदा एक एसएसडी आणि आणखी ८ जीबी मेमरी, एवढंच घ्यावं. मेमरी जुन्या बाजारातली चालेल. चाळीस हजारांतला छोटा वाटा यात जाईल. नंतर चांगला पॉवर सप्लाय, आणि मग कार्ड. कारण एसएसडी, पॉवर सप्लाय आणि कार्ड उद्या नव्या संगणकात नेता येतात. या बोर्डासाठी नवा प्रोसेसर मात्र घेऊ नये, तो पैसा इथेच अडकेल. नवा बोर्ड घ्यायची वेळ येईल तेव्हा दुकानदाराला एकच विचारावं, "याच्यावर पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसेल का?" जुन्या यंत्रावर लिनक्स टाकून ते बहिणीला कायमचं द्यावं. बँकेचे व्यवहार जुन्या विंडोजवर करू नयेत.

यावर तो म्हणाला, "म्हणजे सर, आधी तिचं काम, मग माझा गेम?" हो, तसंच. आणि का, ते सांगून संपवतो. तानसा वाढलं, वैतरणा आली, भातसा आलं. प्रत्येक वेळी हिशेब चोख होता, पाया पक्का होता. तरी एप्रिल-मे आला की शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. धरण उशाला आणि कोरड घशाला. ज्यांच्या जमिनीवर पाणी साठलं, त्यांचं नाव यादीत शेवटी आलं. इंजिनीयर चुकले नाहीत. वाढ कुणासाठी, हा प्रश्न कुणी वेळेवर विचारला नाही. एवढं मोठं धोरण आपल्या हातात नसेल. पण घरातल्या एका संगणकापुरतं ते आपल्याच हातात आहे.

त्या तरुणाने एसएसडी बसवली. स्क्रू ड्रायव्हर बहिणीच्या हातात होता, असं त्याने आम्हांला कळवलं. कार्ड दिवाळीनंतर बघू म्हणतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेतले आधी.